प्रादेशिक वाहिनीतील प्रदेश : 'अल्फा मराठी' ते 'झी मराठी' या वाटचालीचे चिकित्सक वाचन

बीजसंज्ञा : खासगी उपग्रह वाहिनी, प्रादेशिकता, प्रेक्षकमापन, कौटुंबिक मालिका, बोली.

प्रस्तावना

१५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' ही वाहिनी सुरू झाली आणि २००५ मध्ये तिचे नामांतर 'झी मराठी' असे झाले. मराठीतील खासगी मनोरंजन वाहिन्यांच्या परंपरेचा आरंभ साधारणतः या घटनेपासून मानला जातो. या वाहिनीविषयी आजवर जे बोलले गेले ते मुख्यतः दोन प्रकारचे आहे. पहिल्या प्रकारात ती एका उद्योगाच्या यशाची कथा ठरते : मालिकांची लोकप्रियता, जाहिरातींचे उत्पन्न, भगिनी वाहिन्यांचा विस्तार. दुसऱ्या प्रकारात ती अभिरुचीच्या ऱ्हासाची तक्रार होते : सासू-सुनांचे कलह, लांबवलेली कथानके, भाषेचे शैथिल्य. दोन्ही भूमिकांत तथ्यांश आहे; परंतु एक प्रश्न दोन्हींत विचारला जात नाही. 'प्रादेशिक वाहिनी' या संज्ञेतील 'प्रदेश' नेमका कोणता?

भाषा मराठी असली म्हणजे वाहिनी आपोआप महाराष्ट्राची होते, हे गृहीतक तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या वाहिनीच्या पडद्यावरील महाराष्ट्राच्या सीमा काळानुसार बदलत गेल्या, आणि हा बदल प्रेक्षकसंख्येच्या मोजणीच्या सीमांशी मोठ्या प्रमाणात जुळता राहिला, असे येथे प्रतिपादन केले आहे. मोजणी विस्तारली तसा पडदाही विस्तारला. मात्र हा विस्तार भूदृश्य आणि उच्चार यांचा झाला. दृष्टिकोनाचा झाला काय, हा प्रश्न उरतोच.

पार्श्वभूमी : उशिरा आलेली मराठी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'गजरा', 'आमची माती आमची माणसं', 'चिमणराव' यांसारख्या कार्यक्रमांनी मराठी प्रेक्षकाची पहिली दूरचित्रवाणी-अभिरुची घडवली. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सायंकाळचा महत्त्वाचा वेळ दिल्लीहून येणाऱ्या प्रसारणाकडे गेला. प्रादेशिक भाषेला त्यापूर्वी आणि त्यानंतरच्या उरलेल्या वेळेत सामावून घ्यावे लागले. दूरदर्शनची स्वतंत्र मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये आली व पुढे ती 'सह्याद्री' या नावाने ओळखली जाऊ लागली.

याच काळात दक्षिणेत चित्र वेगाने पालटत होते. तमिळमध्ये सन टीव्ही आणि मल्याळममध्ये एशियानेट या वाहिन्या १९९३ मध्ये, तर तेलुगूमध्ये ईटीव्ही १९९५ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेसंबंधीच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी केबल जाळ्यांच्या नियमनाचा कायदा झाला. मग देशाच्या आर्थिक राजधानीत जिचा वावर आहे त्या मराठी भाषेला खासगी वाहिनीसाठी १९९९ पर्यंत का थांबावे लागले?

याचे एक उत्तर मराठी प्रेक्षकाच्या द्वैभाषिकतेत शोधता येते. चेन्नईतील प्रेक्षकापर्यंत पोहोचायचे तर तमिळशिवाय पर्याय नव्हता. मुंबई-पुण्यातील प्रेक्षकापर्यंत मात्र हिंदीतून पोहोचता येत होते. १९९२ मध्ये सुरू झालेल्या झी टीव्हीला हा प्रेक्षक आधीच मिळालेला होता. म्हणजे जाहिरातदाराच्या हिशेबात तो हिंदीच्या खात्यावर जमा होता. अल्फा मालिकेतील मराठी, बंगाली, पंजाबी इत्यादी वाहिन्या एकाच समूहाने जवळजवळ एकाच वेळी काढल्या, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. मराठी वाहिनीचा उगम एखाद्या स्थानिक भांडवलदाराच्या किंवा वृत्तपत्रसमूहाच्या उपक्रमातून झाला नाही. एका अखिल भारतीय हिंदी उद्योगाने आपल्या बाजारपेठेची भाषावार विभागणी केली, त्यातून तो झाला. मालकी खासगी, भाषा प्रादेशिक आणि व्यवहाराची चौकट राष्ट्रीय, अशी ही रचना होती. २००६ मध्ये समूहाच्या विभाजनात या प्रादेशिक वाहिन्या वृत्तवाहिनीच्या कंपनीकडे देण्यात आल्या आणि २०१० मध्ये त्या पुन्हा मुख्य मनोरंजन कंपनीकडे आल्या. दुय्यम समजली गेलेली शाखा एका दशकात मध्यवर्ती झाली, याचे हे निदर्शक होय.

पहिला टप्पा : शहरी घराचा महाराष्ट्र

वाहिनीच्या आरंभकाळातील 'आभाळमाया', 'प्रपंच', 'अवंतिका' आणि 'वादळवाट' या मालिका आजही आदराने आठवल्या जातात. मराठी रंगभूमीवर घडलेले लेखक, दिग्दर्शक व नट या मालिकांमागे होते. 'आभाळमाया'मधील सुधा जोशी ही नोकरी करणारी, दोन मुलींना वाढवणारी आणि पतीच्या प्रतारणेनंतरही स्वतःचा तोल न ढळू देणारी स्त्री होती. सुकन्या कुलकर्णी यांनी रंगवलेल्या या व्यक्तिरेखेत मध्यमवर्गीय प्रेक्षकाने स्वतःला पाहिले. प्रतिमा कुलकर्णी यांच्या 'प्रपंच'ने मोडत चाललेल्या एकत्र कुटुंबाचे संयत चित्र दिले. 'वादळवाट'ने कुटुंबकथेला कायदा व राजकारण यांची जोड दिली.

गुणवत्तेच्या दृष्टीने हा टप्पा उजवा होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि या सर्व मालिकांतील घर जवळपास एकच आहे. ते मुंबई वा तत्सम शहरातील, शिक्षित, नोकरदार आणि प्रमाण मराठी बोलणारे घर आहे. त्या घराबाहेरचा महाराष्ट्र सुट्टीतील गावाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या किंवा पाहुण्याच्या रूपाने क्वचित डोकावतो.

हे केवळ लेखकांच्या अनुभवविश्वाचे फलित होते, असे म्हणणे अपुरे ठरेल. त्या काळातील प्रेक्षकमापन 'टॅम' या संस्थेच्या यंत्रणेवर अवलंबून होते आणि तिचे मापक बसवलेली घरे शहरांत होती. ग्रामीण घरे या मोजणीत नव्हती. २००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची ५७.६ टक्के लोकसंख्या ग्रामीण भागात राहत होती. म्हणजे राज्यातील निम्म्याहून अधिक लोक वाहिनी पाहत असले तरी जाहिरातदाराच्या कोष्टकात ते अस्तित्वात नव्हते. वाहिनीचे उत्पन्न ज्या आकड्यावर ठरत होते त्या आकड्यात शहरी घर होते. पडद्यावरही तेच घर होते. या दोहोंत थेट कार्यकारणसंबंध सिद्ध करणे अवघड आहे, परंतु ही संगती योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

दुसरा टप्पा : उंबरठ्याबाहेर

सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'ने या रचनेला पहिला छेद दिला. सूत्रसंचालक आदेश बांदेकर प्रत्यक्ष घरी जातात, गृहिणीला 'वहिनी' म्हणतात, स्वतः 'भावोजी' होतात आणि खेळाच्या शेवटी पैठणी देतात, असा हा साधा आराखडा होता. चाळीतील खोली, गावातील अंगण, शासकीय वसाहत अशी मालिकांत न दिसणारी घरे त्यामुळे पडद्यावर आली. स्त्रीचा सन्मान पैठणीपुरता आणि घरापुरता मर्यादित ठेवला, हा त्यावरील आक्षेप योग्यच आहे. पण सर्वसामान्य गृहिणीला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या उच्चारात बोलण्याची संधी या कार्यक्रमाने दीर्घकाळ दिली, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरा छेद 'सा रे ग म प'ने दिला. २००८-०९ मधील 'लिटिल चॅम्प्स' या पर्वातील अंतिम स्पर्धक पुण्याबरोबरच आळंदी, लातूर, अलिबाग आणि रत्नागिरी या भागांतून आलेले होते आणि विजेतेपद आळंदीच्या कार्तिकी गायकवाड यांना मिळाले. येथे प्रेक्षकांच्या मतदानाचे साधन मोबाइलवरील लघुसंदेश हे होते. ज्या गावात एकही मापक नव्हता त्या गावालाही या मार्गाने, अर्थात पैसे मोजून, स्वतःची नोंद करता आली. मोजणीबाहेरचा महाराष्ट्र प्रथमच संख्येच्या रूपाने वाहिनीसमोर उभा राहिला. या पर्वाच्या असाधारण लोकप्रियतेचे विवेचन बहुधा गायनाच्या दर्जाच्या अंगाने झाले आहे. त्याची ही बाजूही अभ्यासण्याजोगी आहे.

तिसरा टप्पा : मोजणीचा विस्तार आणि गावाचे आगमन

२०१२ पासून केबलच्या सक्तीच्या अंकीकरणास प्रारंभ झाला. प्रथम मुंबई, नंतर पुणे, नागपूर, नाशिक यांसारखी शहरे आणि २०१७ पर्यंत ग्रामीण भाग असा त्याचा क्रम होता. याच दरम्यान, २०१५ मध्ये 'टॅम'ची जागा 'बार्क' या संस्थेने घेतली. प्रसारणाच्या ध्वनीत कानाला न जाणवणारी खूण मिसळून ती मापकाने ओळखायची, अशी ही नवी पद्धत होती. तिचे महत्त्व मात्र तंत्रापेक्षा व्याप्तीत होते. ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण घरांची आकडेवारी प्रसिद्ध होऊ लागली.

त्यानंतरच्या दोन वर्षांतील 'झी मराठी'च्या मालिकांकडे पाहावे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मालवणी परिसरातील 'रात्रीस खेळ चाले', ऑगस्टमध्ये नागपूरकडील बोली बोलणाऱ्या नायिकेची 'माझ्या नवऱ्याची बायको', ऑक्टोबरमध्ये कोल्हापूरच्या पार्श्वभूमीवरील 'तुझ्यात जीव रंगला' आणि मे २०१७ मध्ये सातारा जिल्ह्यातील सैन्यभरतीची आस धरणाऱ्या तरुणाची 'लागिरं झालं जी'. चित्रीकरण गोरेगाव-ठाण्याच्या सेटवरून सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या भागांतील प्रत्यक्ष गावांत गेले. स्थानिक हौशी रंगभूमीवरील नटांना काम मिळाले आणि शहरी नटाने ग्रामीण बोलीचे सोंग घेण्याची जुनी प्रथा काही अंशी मागे पडली. ही या टप्प्याची खरी कमाई होय.

येथे एक प्रतिवाद संभवतो. खंडोबाच्या आख्यानावरील 'जय मल्हार' ही मालिका मे २०१४ मध्ये, म्हणजे ग्रामीण मोजणीच्या आधी सुरू झाली आणि अतिशय लोकप्रिय ठरली. त्यामुळे मोजणी हे बदलाचे एकमेव कारण मानता येत नाही. अंकीकरण, ग्रामीण क्रयशक्तीकडे वळलेले जाहिरातदार आणि शहरी कुटुंबकथेचा आलेला कंटाळा ही कारणेही विचारात घ्यावी लागतात. तरीही ज्या सातत्याने २०१६ नंतर एकामागून एक जिल्हे पडद्यावर येत गेले, त्याचे स्पष्टीकरण मोजणीचा विस्तार लक्षात घेतल्याशिवाय पुरे होत नाही.

बोली, भूमी आणि दृष्टिकोन

गाव पडद्यावर आले; पण कोणत्या भूमिकेत? मराठी समीक्षेने प्रादेशिक कादंबरीची चर्चा करताना एक निकष मान्य केला आहे : प्रदेश हा कथेची पार्श्वभूमी न राहता कथेतील घटनांचे कारण झाला पाहिजे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मध्ये वऱ्हाडी बोली ही कौतिकच्या दारिद्र्याशी चाललेल्या झगड्याचीच भाषा आहे. ती काढून घेतली तर कादंबरी उरत नाही. हाच निकष या मालिकांना लावून पाहणे अन्यायाचे ठरू नये, कारण अस्सलपणाचा दावा त्यांच्या प्रसिद्धीतच केला जात होता.

'माझ्या नवऱ्याची बायको'मधील राधिकेची बोली आरंभी तिच्या 'गावंढळ'पणाची खूण म्हणून येते. मुंबईतील पती तिला ज्या कारणांनी कमी लेखतो त्यांत तिचे बोलणे हे एक कारण आहे. पुढे राधिका मसाल्याच्या व्यवसायात मोठी होते आणि बोली सोडत नाही, हा भाग निश्चितच आश्वासक आहे. परंतु तिच्या बोलीला किंमत येते ती उद्योजिका म्हणून मिळवलेल्या यशामुळे. विदर्भातील जगण्याचा कोणताही प्रश्न त्या बोलीबरोबर कथेत येत नाही.

'तुझ्यात जीव रंगला'मध्ये शहाणपण आणि शिक्षण घेऊन येणारी शिक्षिका अंजली पाठक आणि निरक्षर पण निर्मळ मनाचा पैलवान राणा यांची प्रेमकथा आहे. गावात आलेला शिक्षक हे सूत्र मराठीला नवे नाही. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) मध्येही तरुण शिक्षक धनगरांच्या वस्तीत येतो. पण तेथे अखेरीस दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात आणि वाडी ओस पडते. तेथील भूमी निष्क्रिय नाही, ती माणसांचे भवितव्य ठरवते. मालिकेत मात्र तालीम, तांबडी माती, वाडा आणि ऊस हे सर्व दिसते, पण कुटुंबाचे भवितव्य ठरते ते घरातील स्त्रियांच्या कारस्थानांवर. शहरी मालिकेतील दिवाणखाना उचलून वाड्याच्या सोप्यात मांडला, असे या रचनेचे स्वरूप आहे.

या संदर्भात काळाची एक नोंद महत्त्वाची ठरते. एप्रिल २०१६ मध्ये मराठवाड्यातील भीषण टंचाईमुळे मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. जून २०१७ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्यातून पुढे आलेल्या हाकेनंतर राज्यभर शेतकऱ्यांचा संप झाला. नेमक्या याच काळात पडद्यावर आलेली गावे हिरव्या कोकणातील आणि पाण्याने समृद्ध अशा कोल्हापुरातील होती. कथात्म मालिकेने वृत्तपत्राचे काम करावे, अशी अपेक्षा येथे नाही. परंतु शेतकरी कुटुंबात लग्न, शिक्षण, वाटणी, कर्ज यांपैकी कोणताही निर्णय पाऊस आणि बाजारभाव यांच्याशी निगडित असतो. तो संबंध तोडल्यावर जे उरते ते गावाचे नेपथ्य. त्यातही मराठवाडा व खानदेश या भागांना आणि त्यांच्या बोलींना या विस्तारात मिळालेली जागा अल्प होती. लातूरचा मुलगा २००९ मध्ये गाण्याच्या मंचावर पोहोचला, परंतु त्याचा जिल्हा या नव्या ग्रामीण मालिकांचा विषय झाला नाही.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका तुलनेने वेगळी ठरते. तेथील वाडा, जमिनीच्या वाटण्या, भाऊबंदकी आणि गावरहाटी यांचा कथेशी सांधा आहे. अंधश्रद्धेला खतपाणी मिळते या कारणाने तिच्यावर सिंधुदुर्गातून आक्षेपही घेतले गेले. हे आक्षेप बाजूला ठेवता येत नाहीत. पण प्रदेशातील लोक मालिकेशी वाद घालतात याचा अर्थ तेथे प्रदेश काही प्रमाणात तरी कथेच्या आत आला होता, असाही होतो.

एप्रिल २०२१ मध्ये महासाथीच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रातील चित्रीकरण थांबले, तेव्हा काही मराठी मालिकांनी आपले काम गोव्यात हलवले. पात्रांना तेथे नेण्याचे निमित्त कथेत घालताच मालिका पुढे चालू राहिली. अडचणीच्या काळातील ही तडजोड समजण्यासारखी आहे. मात्र जागा बदलली तरी कथा बदलत नाही, हे तिने अनाहूतपणे दाखवून दिले.

मर्यादांचे मूल्यमापन

या विवेचनाचा अर्थ खासगी वाहिनीने हानीच केली असा घेऊ नये. सार्वजनिक प्रसारणाने 'आमची माती आमची माणसं'सारख्या कार्यक्रमातून शेतीचे ज्ञान दिले, पण शेतकऱ्याच्या घरातील सुखदुःखाची दीर्घ कथा त्या मानाने कमी सांगितली. तेथे माती होती. माणसे बहुधा तज्ज्ञासमोर बसलेली होती. खासगी वाहिनीने माणसे आणली, माती मात्र रंगापुरती ठेवली. याशिवाय लेखक, नट, तंत्रज्ञ यांना मराठीत काम करून नियमित उपजीविका करता येऊ लागली, हे श्रेय 'अल्फा-झी'चे आणि २००० मध्ये आलेल्या 'ईटीव्ही मराठी'चेही आहे.

स्पर्धेने हा प्रश्न सुटेल अशी आशा काहींना होती. २००८ मध्ये 'स्टार प्रवाह' सुरू झाली आणि २०२० नंतरच्या काळात तिने प्रेक्षकसंख्येत 'झी मराठी'ला मागे टाकले. तिच्या यशात मोठा वाटा असलेली 'आई कुठे काय करते' ही मालिका मूळ बंगाली मालिकेवर आधारित होती. गृहिणीच्या आत्मभानाची ही कथा प्रभावी होती, यात शंका नाही. पण एका भाषेत यशस्वी झालेला साचा दुसऱ्या भाषेत बसवता येतो, हे सूत्र त्यातून अधिक दृढ झाले. प्रदेशाचे वेगळेपण जितके कथेच्या गाभ्यात, तितका साचा हलवणे अवघड. म्हणून या व्यवसायाचा कल वेगळेपण पृष्ठभागावर ठेवण्याकडे राहतो.

मोजणीविषयीही अंतिम विश्वास बाळगता येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी प्रेक्षकसंख्येतील कथित फेरफाराचा तपास सुरू केला आणि वृत्तवाहिन्यांची आकडेवारी मार्च २०२२ पर्यंत स्थगित राहिली. वाद मुख्यतः वृत्तवाहिन्यांभोवती होता. पण काही निवडक घरांवरून सबंध समाजाची आवड ठरवण्याची पद्धत किती नाजूक आहे, हे त्यातून उघड झाले. फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची स्वतंत्र किंमत जाहीर होऊन प्रेक्षकाला निवडीचा अधिकार मिळाला. तरी बहुतांश घरांत वाहिन्या एकत्रित संचातूनच येत राहिल्याने या अधिकाराचा कथेवर परिणाम झाल्याचे दिसत नाही.

समारोप

'अल्फा मराठी' ते 'झी मराठी' ही वाटचाल तीन घरांमधून वाचता येते. पहिले शहरी नोकरदाराचे घर, दुसरे 'होम मिनिस्टर'ने दार ठोठावलेले सामान्य घर आणि तिसरे कोल्हापूर-सातारा-सिंधुदुर्गातील वाडा. प्रत्येक टप्प्यावर ज्याची नोंद होऊ लागली तो पडद्यावर आला, हा क्रम स्पष्ट आहे. नोंद होणे ही लहान गोष्ट नव्हे. पन्नास टक्क्यांहून अधिक लोकसंख्या दीर्घकाळ त्यापासून वंचित होती. परंतु मोजला गेलेला प्रेक्षक हा अजून ग्राहक आहे, निवेदक नाही. त्याचा उच्चार घेतला गेला, त्याच्या प्रश्नांचा क्रम घेतला गेला नाही.

दूरचित्रवाणी मालिका हा अभ्यासाचा विषय नव्हे, अशी धारणा मराठीच्या अध्यापनक्षेत्रात दीर्घकाळ होती. प्रादेशिक कादंबरीच्या समीक्षेने जी परिभाषा घडवली ती या माध्यमालाही लावता येते, आणि महाविद्यालयांतील मराठी, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे हे काम करणे शक्य आहे. ज्या विद्यार्थ्यांना 'बनगरवाडी' शिकवली जाते त्यांच्या घरात सायंकाळी मालिका चालू असते. ते विद्यार्थी ज्या तालुक्यांतून येतात, त्यांतील किती तालुके या पडद्यावर कथेचे कारण म्हणून आले, याची जिल्हावार नोंद त्यांच्याकडूनच करून घेता येईल. वाहिनीच्या मोजणीत न आलेली माहिती त्या नोंदीतून हाती येण्याची शक्यता आहे.